शेख मॅडमचा कान

शेख मॅडम फॅक्स मशीनकडे पाठ करून बसायच्या. मशीन मागच्या टेबलावर आणि मॅडम पुढे, टेलिफोनच्या बोर्डावर. आम्ही कागद घेऊन गेलो की त्या उठून तो मशीनला लावायच्या, नंबर दाबायच्या आणि पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसायच्या. मागे मशीनचा शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी असा कारभार चालू. तेवढ्यात मॅडम दोघांना फोन जोडून द्यायच्या, तिसऱ्याला धरून ठेवायच्या, कोऱ्या चहाचा घोट घ्यायच्या. मग एकदम त्यांची मान जराशी उजवीकडे कलायची आणि त्या म्हणायच्या, "पोचला." त्यानंतर दोन-चार सेकंदांनी मशीन आपली चिठ्ठी बाहेर टाकायचं. सगळी पानं पोचली, असं त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, सवयीनं म्हणत असतील. दुसऱ्या खेपेला त्या "तिसरं पान अडकलं" म्हणाल्या. चिठ्ठी आली, तिसरंच पान अडकलेलं. मी तेव्हा नवा होतो, लातूरकडून आलेला, क्वालिटी खात्यात इन्स्पेक्टर. कोणाच्या बोलण्यावर जाऊ नका, मोजून बघा, ही आमच्या खात्याची शिकवण. मी आठ दिवस गुपचूप मोजलं. मॅडम एकदाही चुकल्या नाहीत. त्यानंतर त्यांच्यापुरती ती शिकवण मी गुंडाळून ठेवली.

नाव रझिया शेख. राहायला कासारवाडीत, स्टेशनच्या अलीकडे. जन्म तिथलाच, आणि लग्नानंतरही घर दोनच गल्ल्या सोडून. आमची कंपनी तेव्हा भोसरीला होती. ब्रेकच्या पाइपांचे सांधे बनवायची, अंगठ्याएवढे. कंपनीला पहिला टेलिफोन आला तेव्हा तो उचलायला मॅडमना ठेवलं, आणि मग कंपनी वाढली, शेड वाढल्या, साहेब बदलले, मॅडम तिथेच. सुती साडी, केसांत खोचलेली पेन्सिल आणि डाव्या कानाला हेडफोन. उजवा कान खोलीसाठी मोकळा. त्या मोकळ्या कानानं त्या काय काय ऐकायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगायच्या. एकदा मी आत शिरायच्या आधीच म्हणाल्या, "शिंदेभाऊ, डाव्या बुटाचा तळवा सुटलाय, शिवून घ्या." बूट काढून पाहिला तर खरंच सुटला होता.

फोनवर त्यांची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "धरा, ठेवू नका." ते त्या इतक्या ठामपणे म्हणायच्या, की पलीकडचा माणूस अर्धा तास धरून बसायचा. मोठे साहेब, म्हणजे आमचे मालक, एकदा बाहेरगावाहून फोन करून मॅडमचं "धरा, ठेवू नका" ऐकत वीस मिनिटं थांबले होते आणि परत आल्यावर तक्रार करायची हिंमत त्यांना झाली नाही. दुसरं वाक्य कोणी बाहेरगावी निघालं की, "पोचलात की कळवा." न कळवणाऱ्याला त्या दुसऱ्या दिवशी फोन जोडून देताना जरा ताटकळत ठेवायच्या. हा त्यांचा एकमेव सूड.

इंग्रजी अक्षरं सांगायची त्यांची तऱ्हा तर आमच्या अख्ख्या ऑफिसनं उचलली होती. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपानचं. त्याचा कारखाना इथेच चाकणला, पण कागदांचा सगळा कारभार तिकडच्या मुख्य ऑफिसातून, आणि तोही फॅक्सनंच. ड्रॉइंगमधला बदल असो की तपासणीचा अहवाल, त्यावर शिक्का मारून फॅक्स करायचा, मग तिकडून त्यांचा शिक्का उमटून फॅक्स परत यायचा. फॅक्स गेला की मॅडम फोन करून खात्री करायच्या. पार्टच्या नंबरात बी, पी, डी अशी अक्षरं असायची आणि ती फोनवर एकसारखी ऐकू यायची. बाकीचे लोक परदेशी शहरांची नावं घेतात. मॅडमनी आपला मुलूख कामाला लावला. "बी फॉर भोसरी, पी फॉर पिंपरी, डी फॉर देहू, के फॉर कासारवाडी." पलीकडे सातो नावाच्या बाई असायच्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. एकदा मॅडम रजेवर होत्या आणि फोन मला करावा लागला. मी नंबर वाचायला सुरुवात केली, "बी..." पलीकडून बारीक आवाजात प्रश्न आला, "भोसारी?" मी खुर्चीत ताठ बसलो. आमच्या भोसरीचं नाव समुद्रापलीकडे एका ऑफिसात रोज घेतलं जातं, हे मी त्या दिवशी मेसमध्ये चार टेबलांवर सांगितलं.

खंडेनवमीचा किस्सा सांगितल्याशिवाय मॅडम पुऱ्या व्हायच्या नाहीत. आमच्याकडे त्या दिवशी सगळी मशीनं धुऊन पुसून त्यांची पूजा होते. लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर, वजनकाटा, कोणी सुटत नाही. मॅडम दरवर्षी स्वतः झेंडूची माळ आणून बोर्डाला घालायच्या आणि पेढ्यांसाठी सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या राहायच्या. एका वर्षी एक अतिउत्साही सुपरवायझर फॅक्सजवळ गेला. मशीनच्या वरच्या अंगाला हळद-कुंकू वाहून त्याचं समाधान होईना. त्यानं झाकण उघडलं आणि आतल्या काचेच्या पट्टीलाही पाची बोटांनी मनोभावे कुंकू लावलं.

दसऱ्याची सुटी संपली आणि आम्ही एक ड्रॉइंग जपानला पाठवलं. दुपारी सातोबाईंचा फॅक्स: ड्रॉइंगमध्ये पाच नव्या उभ्या रेषा दिसतात, हा कोणता बदल आहे, कृपया खुलासा करावा. आमचं डिझाइन खातं हादरलं. ड्रॉइंग पुन्हा काढलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा पाच रेषा. तिकडच्या इंजिनियरांनी त्या रेषांमधली अंतरंही मोजून पाठवली. शेवटी मॅडम उठल्या, झाकण उघडलं, काचेवरून बोट फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं. लाल. कागद पुढे सरकत जातो आणि काच जागच्या जागी असते, म्हणून एका ठिपक्याची पानभर रेघ होते, हे त्यांनी आम्हा इंजिनियर म्हणवणाऱ्यांना समजावून सांगितलं. खुलासा काय पाठवायचा यावर बरीच चर्चा झाली. मॅडमनी लिहिलं, "काच साफ केली आहे, बदल काही नाही." सुपरवायझरला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र खंडेनवमीला मशीनवर स्वच्छ टॉवेल घातलेला, त्यावर एकच फूल, आणि बाजूला मॅडम स्वतः उभ्या. "पूजा बाहेरून," त्या म्हणाल्या. "आतलं मी बघते."

मग कंपनी चाकणला गेली. नवी शेड, नवी कँटीन, काचेचं ऑफिस. आणि नवे एचआर मॅनेजर, पाटणकर. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट तक्त्यात हवी असायची. चाकणच्या तक्त्यात कोण कुठे बसणार हे त्यांनी रंगीत चौकोनांत काढलं होतं. त्यात मॅडमचा चौकोन नव्हता. मॅडम विचारायला गेल्या तेव्हा मी तिथे कसल्याशा सहीसाठी उभा होतो.

"मॅडम, तिकडे बोर्डच नाही," पाटणकर म्हणाले. "प्रत्येकाच्या टेबलावर इंटरनेटचा फोन. मग ऑपरेटर कशाला? स्थलांतर होईपर्यंत या तुम्ही. मग सन्मानानं निरोप देऊ."

"निवृत्तीला तीन वर्षं आहेत माझ्या."

"तेच म्हणतो, तीन वर्षं लवकर आराम."

मॅडम "बरं" म्हणून बाहेर आल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "आराम करायला हरकत नाही हो शिंदेभाऊ. मुलगा कमावता आहे, घरात कशाला कमी नाही. पण एवढी वर्षं हा कान वापरला. आता तो घरी नेऊन ठेवू कुठे?" त्यांचा आवाज कधी हलत नसे. त्या दिवशी हलला.

चाकणला आमच्या बाजूला तांब्याच्या तारेची जुनी लाइन नव्हतीच. काचेच्या तारेचं इंटरनेट आलं आणि त्यावरच फोन. एक हाताएवढी काळी डबी, एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला फोन. आवाज असा स्वच्छ, की पाटणकर पहिल्या दिवशी कारण नसताना सगळ्यांना फोन करत सुटले. त्याच डबीला नवंकोरं फॅक्स मशीन जोडलं. मंगळवारी पहिला फॅक्स लावला. शिट्टी झाली, खरखर झाली आणि अर्ध्या पानावर सगळं तुटलं. दुसऱ्यांदा तेच. दहाव्यांदाही तेच.

एरवी आठ दिवस कोणी लक्ष दिलं नसतं. पण जपानच्या गिऱ्हाइकाचा नियम असा, की कारखान्यानं जागा बदलली की नव्या जागेतला पहिला माल त्यांच्या मंजुरीशिवाय गेटबाहेर जायचा नाही. मंजुरीचा चार पानी अर्ज फॅक्सनं पाठवायचा, त्यावर त्यांचा शिक्का फॅक्सनंच परत यायचा. माल जायचा होता पाच किलोमीटरवरच्या त्यांच्या कारखान्यात, सोमवारी पहाटे. पिवळ्या पट्टीच्या आत खोकी रचून तयार. शुक्रवारी आपल्याकडे दुपारचे दोन वाजले की तिकडे संध्याकाळचे साडेपाच होतात आणि ऑफिस बंद होतं. म्हणजे शुक्रवार दुपार दोन, त्यापुढे काही नाही.

बुधवारी फोनवाल्या कंपनीचे दोघे आले. त्यांनी वायर बदलली, डबी बदलली, मशीन बदलून पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "सर, आजकाल फॅक्स कोण करतं? ईमेल करून टाका ना." पाटणकरांनी ईमेल केला. अतिशय नम्र उत्तर आलं, की ईमेल मिळाला, आभारी आहोत, आता कृपया फॅक्स करावा. मग आमच्यापैकी एकानं शक्कल काढली, की भोसरीची जुनी लाइन अजून चालू आहे, जुनं मशीन तिथेच आहे, अर्ज तिथून पाठवू. पाठवलाही. सातोबाईंनी तासाभरात परत केला. फॅक्सच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा नंबर छापला जातो, आणि तो भोसरीचा होता. अर्ज चाकणला गेल्याचा आणि कागद भोसरीहून आलेला! चूक शंभर टक्के आमची, पण त्या वेळी आम्ही त्यांनाच नावं ठेवली.

भोसरीचं थोडं सामान यायचं बाकी होतं, म्हणून मॅडम अजून कामावर होत्या. गुरुवारी सकाळी त्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी अर्जाची प्रत घेऊन त्यांच्या मागे. पाटणकर आधीच बसले होते.

"साहेब, मला उद्या दोनपर्यंत ते मशीन द्या. कोणी हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

पाटणकर हसून म्हणाले, "मॅडम, हे इंटरनेटचं काम आहे. तुम्ही ऑपरेटर आहात, इंजिनियर नव्हे."

"म्हणूनच मागते. इंजिनियरांनी ते दोन दिवस बघितलं. ऐकलं कोणी नाही."

मोठे साहेब म्हणाले, "घ्या." आणि पाटणकरांना म्हणाले, "झालं तर तुमचा तक्ता पुन्हा काढा."

मग मॅडमनी जे केलं ते मी जवळून पाहिलं, आणि ते पाहायला मिळालं याचा मला आजही अभिमान वाटतो. त्यांनी त्याच लाइनवर एक साधा फोन जोडला, बोलण्याच्या बाजूला रुमाल बांधला आणि फॅक्स लावून रिसीव्हर डाव्या कानाला धरला. डोळे मिटलेले. हातातली पेन्सिल कागदावर आडव्या रेघा ओढत होती. शिट्टी लांब तर रेघ लांब, शांतता असेल तिथे जागा मोकळी. फॅक्स तुटला. पुन्हा लावला. सहा वेळा लावला आणि सहा ओळी काढल्या.

मग भोसरीला मोबाइल लावला. तिथे उरलेल्या सामानावर काळोखे मामा होते, आमचे वॉचमन, चाकणजवळच्याच गावचे. मॅडमनी त्यांना एक पान जुन्या मशीनवरून जपानला लावायला सांगितलं.

"मामा, आता मोबाइल मशीनजवळ धरा. स्पीकरपाशी."

"धरला की. पर ते काय बोलंना."

"थांबा जरा. बोलेल."

"व्हय व्हय, सुरू झालं! मांजरावानी वरडतंय. आमी काय उत्तर द्यायचं का त्याला?"

"तुम्ही फक्त धरा, ठेवू नका. आणि बोलू नका."

मामांनी श्वाससुद्धा रोखून धरला असणार. मॅडमनी सातवी ओळ काढली आणि मला कागद दाखवला. "मोबाइलवर सूर नीट येत नाही, पण मला सूर नकोच होता. थांबे हवे होते. हे बघा. दोन्ही मशीनं बोलता बोलता मधे गप्प बसतात, एकमेकांचं ऐकायला. भोसरीच्या लाइनवर त्या गप्प बसण्यातही लाइनची बारीक घरघर चालू असते. इथं सगळं ठार बंद होतं. आणि पुढची शिट्टी सुरू होते ती डोकं उडालेली. ही डबी काय करते माहितीये? कोणी बोलत नाहीये असं वाटलं की लाइनच मिटून घेते. माणसांना चालतं हो. पहिला अर्धा शब्द गेला तरी माणूस समजून घेतो. मशीन नाही घेत."

दुपारी त्यांनी फोनवाल्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे गाणं सुरू झालं. पाटणकरांनी आदल्या दिवशी तीनदा तो फोन पाच-पाच मिनिटांत आपटला होता. मॅडम धरून बसल्या. आयुष्यभर लोकांना धरायला लावलेली बाई, तिला धरून बसायचं काय अवघड! पाऊण तासानं एक मुलगी बोलली, तिनं दुसऱ्याकडे दिलं, त्यानं तिसऱ्याकडे, आणि शेवटी नायर नावाचे एक वयस्क इंजिनियर आले. मॅडम त्यांच्याशी हिंदीत बोलत होत्या, शांतपणे, कागदावरच्या रेघांवर पेन्सिल ठेवून. कितव्या सेकंदाला काय होतं ते त्यांनी सांगितलं. मग नायरांनी विचारलं, तुमच्याकडे कोणतं टेस्टिंगचं यंत्र आहे?

"कान है," मॅडम म्हणाल्या.

नायर हसले आणि मग मात्र त्यांचा सूर बदलला. दोघं अर्धा तास बोलत होते. नायरांनी शांततेत लाइन मिटायची सोय बंद केली. इंटरनेटवरचा फोन जागा वाचवायला आवाज दाबून पाठवतो, तो या एका लाइनवर न दाबता जसाच्या तसा पाठवायला लावला. आणि मॅडमना म्हणाले, आता मशीनचा वेग कमी करा. मॅडमनी तो चौदा हजार चारशेवरून नऊ हजार सहाशेवर आणला. शिवाय चुकलेला तुकडा पुन्हा पुन्हा मागायची मशीनची खोड होती, ती बंद केली. "घाईत बोलणाऱ्याला आधी हळू बोलायला सांगायचं," मला म्हणाल्या, "मग बाकीचं."

शुक्रवारी साडेबाराला चार पानं लावली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरंही गेलं. चौथ्याला तुटलं. पाटणकर दारात उभे होते, त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा लावलं, या वेळी दुसऱ्यालाच तुटलं. मॅडमनी रिसीव्हर खाली ठेवला आणि उजव्या कानानं खोली ऐकायला लागल्या. जेवणाची सुटी. टेबलाटेबलावर मोबाइलवर क्रिकेट, कोणाची मालिका, कोणाच्या गावाकडच्या लग्नाचा व्हिडिओ.

"आता मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रस्त्यात गर्दी आहे. याला आवाज थेंबाथेंबानं मिळतोय."

मग त्या ऑफिसच्या मधोमध गेल्या आणि त्यांच्या त्या फोनवरच्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापला मोबाइल वायफायवरून काढा. सात मिनिटं." एवढ्या वर्षांत तो आवाज आम्ही तारेतूनच ऐकला होता. समोरासमोर ऐकल्यावर पन्नास माणसांनी एकदम मोबाइल उलटे ठेवले. पाटणकर मात्र केबिनमध्ये पळाले होते, तिथे त्यांची व्हिडिओवर मीटिंग चालू होती. मॅडम दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, जन्मभर मी लोकांना धरा म्हणत आले. आज तुम्हाला सांगते, ठेवा."

पाटणकरांनी ठेवला.

सव्वाला फॅक्स लागला. मॅडम खुर्चीत बसल्या, मशीनकडे पाठ करून. रिसीव्हर उचललाच नाही. मी, मोठे साहेब, पाटणकर, डिझाइनवाले, सगळे मशीनकडे बघत होतो. मॅडम भिंतीकडे बघत होत्या. एक बोट वर झालं. दुसरं. तिसरं. चौथं पान आत ओढलं गेलं आणि खरखर किती वेळ चालली देव जाणे. मान उजवीकडे कलली.

"पोचला."

आणि चिठ्ठी आली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मॅडमनी हात वर करून थांबवलं आणि आधी फोन लावला. "सातोसान? के फॉर कासारवाडी बोलतेय." इंग्रजीत विचारलं, किती पानं? पलीकडच्या बाई म्हणाल्या, चार. स्वच्छ आहेत. मग म्हणाल्या, "सी फॉर चाकान?" मॅडम म्हणाल्या, "येस. चाकण." दोनला दहा मिनिटं असताना शिक्क्याचा कागद आला. तेव्हा मात्र आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पाटणकरांनीही वाजवल्या. मोठे साहेब जाता जाता त्यांना फक्त "तक्ता" एवढंच म्हणाले.

सोमवारी तक्त्यात एक चौकोन वाढला होता. पद "प्रशासन सहायक", कारण पाटणकरांच्या कॉम्प्युटरमध्ये टेलिफोन ऑपरेटर हे पद निवडायची सोय नव्हती. मॅडमनी तक्रार केली नाही. फॅक्ससाठी त्यांनी लाइनमध्ये पहिला मान मागून घेतला, म्हणजे फॅक्स चालू असताना बाकीच्यांचं इंटरनेट आपोआप मागे राहील. मग एका कागदावर सगळे आकडे लिहून तो मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. खाली लिहिलं, "या डबीला हात लावू नये. र. शेख, टेलिफोन ऑपरेटर." तीन वर्षं तो कागद तिथे होता आणि तीन वर्षं त्या डबीला कोणी हात लावला नाही. मग मॅडम रीतसर निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं. मॅडमचं भाषण दोन वाक्यांचं. पहिलं, सगळ्यांचे आभार. दुसरं, घरी पोचलात की कळवा.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. ऑडिटसाठी ऑफिस रंगवलं, तेव्हा भिंतीवरचे सगळे कागद गेले आणि त्यांच्यासोबत मॅडमचाही. त्याच आठवड्यात फोनवाल्यांनी डबी बदलली. फॅक्स पुन्हा अर्ध्या पानावर तुटायला लागला. दोन दिवस सगळे झटले. तिसऱ्या दिवशी पाटणकर स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "शिंदे, शेख मॅडमना फोन लावा ना. मी गाडी पाठवतो."

गाडी नको म्हणाल्या. बसनं आल्या. काळोखे मामा आता चाकणच्या गेटवर होते. नियम म्हणजे नियम, बाहेरून येणाऱ्यानं रजिस्टर भरायचं. मॅडमनी केसांतली पेन्सिल काढली. मामा म्हणाले, "मॅडम, तुमास्नी कशाला? जावा की आत."

"लिहू द्या मामा. नियम आहे."

पाटणकर त्यांना न्यायला गेटपर्यंत चालत आले होते. आत गेल्यावर मॅडमनी आकडे आठवूनच सांगितले, एकही कागद लागला नाही. मी नायरसाहेबांना फोन लावून देतो म्हणालो तर त्यांनी स्वतःच लावला आणि धरून बसल्या. तासाभरात फॅक्स गेला. पाठ करून, भिंतीकडे बघत, त्या म्हणाल्या, "पोचला." मग कोरा चहा घेतला, नवीन कागदावर सगळे आकडे पुन्हा लिहिले आणि निघाल्या. मी गेटपर्यंत सोडायला गेलो. हायवेच्या पलीकडे बस उभी होती. चढताना त्यांनी वळून हात केला, आणि मी ओरडून म्हणालो, "मॅडम, पोचलात की कळवा!" गाड्यांच्या आवाजात ते आम्हा कोणालाही ऐकू आलं नसतं. त्यांनी लगेच मान हलवली.

परत येताना रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. नाव, रझिया शेख. कुठून आलात, कासारवाडी. कोणाला भेटायचं आहे, त्याखाली पाटणकरांचं नाव असेल असं मला वाटलं होतं. तिथे लिहिलं होतं, "फॅक्स मशीन." पुढचा रकाना पदाचा. बाहेरची माणसं तो मोकळाच सोडतात. मॅडमनी गोल, ठसठशीत अक्षरांत भरला होता: टेलिफोन ऑपरेटर. मामांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "बराबर लिवलंय," ते म्हणाले.

मी ऑफिसात आलो तेव्हा एक अहवाल जपानला चालला होता. मॅडमची खुर्ची रिकामी होती. का कोण जाणे, मी तिच्यात बसलो, मशीनकडे पाठ करून. मान जराशी उजवीकडे कलती केली. शिट्टी झाली, खरखर झाली, थांबली, पुन्हा झाली. मी कान देऊन ऐकलं. पुष्कळ ऐकलं. पोचला की नाही, मला काहीच कळेना. शेवटी मी वळलो आणि इतरांसारखीच चिठ्ठीची वाट बघत बसलो.